चूक सरावाच्या खोलीत होऊ द्या: नर्सेससाठी औषध देण्याचा सराव कसा घ्यावा

दोन सिरिंजा. एकीचं टोपण लाल, दुसरीचं केशरी. शेजारी मिलिला ४० युनिटच्या इन्सुलिनची व्हायल, म्हणजे छोटी बाटली, आत नुसतं डिस्टिल्ड वॉटर. नव्या बॅचचा पहिला तास मी एवढ्याच सामानावर सुरू करते. "वीस युनिट भर," एवढंच सांगते आणि गप्प बसते. बहुतेक मुली हाताला लागेल ती सिरिंज उचलतात, २० च्या रेघेपर्यंत भरतात, बुडबुडा काढतात आणि माझ्याकडे बघतात. हात अगदी सफाईदार चालतो. टोपणाच्या रंगाकडे मात्र फार थोड्या जणींचं लक्ष जातं.

माझंही गेलं नव्हतं. नोकरीचं तिसरं वर्ष होतं, मेडिसिन वॉर्डात नाइट होती. स्टोअरमधल्या लाल टोपणाच्या, म्हणजे ४० युनिटच्या सिरिंजा संपल्या होत्या आणि त्यांच्या जागी केशरी टोपणाच्या, १०० युनिटच्या आल्या होत्या. व्हायल मात्र ४० चीच होती. एका आजोबांना जेवणाआधी २० युनिट लिहिलेले. आम्ही सगळ्याच जणी केशरी सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरत होतो. त्या सिरिंजमध्ये २० ची रेघ म्हणजे ०.२ मिलि, आणि ४० च्या व्हायलमधले ०.२ मिलि म्हणजे जेमतेम ८ युनिट. शुगर उतरेना म्हणून डॉक्टरांनी डोस ३० केला. तरी अंगात जात होते १२. चौथ्या दिवशी लाल सिरिंजांचा बॉक्स आला. मी ३० च्या रेघेपर्यंत भरलं, आणि त्या रात्री आजोबांना पहिल्यांदा खरे ३० युनिट मिळाले. दोन-अडीच तासांनी बघते तर बनियन घामाने चिंब, हात थंडगार, आणि मला ते आपल्या मुलीच्या नावाने हाक मारत होते. ग्लुकोमीटरवर आकडा ३८, म्हणजे शुगर फारच खाली. डेक्स्ट्रोज (ग्लुकोज) दिलं, आजोबा सावरले.

डॉक्टरांनी लिहिलेलं बरोबर होतं, मी वाचलेलं बरोबर होतं. सकाळी इन्चार्ज सिस्टरांनी मला "लक्ष देऊन काम करत जा" असं सांगितलं आणि विषय संपला. सिरिंजबद्दल कुणी विचारलंच नाही. मीही महिनाभर स्वतःलाच दोष देत राहिले. खरं कारण कळायला एका फार्मासिस्टशी सहज झालेलं बोलणं कामी आलं.

म्हणून हे लिहिते आहे. गेली अकरा वर्षं मी जिल्ह्याच्या ठिकाणी ट्यूटर म्हणून हा सराव घेते. नव्या बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात सिम्युलेशनला, म्हणजे खोटा प्रसंग उभा करून घेतलेल्या सरावाला, जागा आहे, पण बऱ्याच ठिकाणी त्याचा अर्थ "महागडा पुतळा घ्या आणि कपाटात ठेवा" असा झालेला मी पाहिला आहे. पुतळा असला तर चांगलंच. १९११ साली अमेरिकेत हार्टफर्ड हॉस्पिटलसाठी एका बाहुल्या बनवणाऱ्या बाईंनी नर्सेसच्या सरावाकरता माणसाएवढी बाहुली करून दिली होती, तेव्हापासून ही गोष्ट चालत आली आहे. पण औषधाच्या चुका पुतळ्याच्या अंगावर होत नाहीत. त्या ट्रॉलीपाशी, केसपेपरवर, फोनवर होतात. तेवढं उभं करता आलं की पुरे.

खोली आणि सामान

दहा बाय बाराची खोली चालते. एक कॉट, एक मेडिसिन ट्रॉली, सलाईन स्टँड, हात धुवायची सोय, आणि एक फोन. फोन विसरू नका, त्याचं काम पुढे येतं.

पेशंट म्हणून मी शक्यतो माणूस झोपवते. आमच्या मावशींपैकी एक जण हे काम फार सुंदर करतात, कण्हतात, चिडतात, मध्येच "बाई, हे कसलं इंजेक्शन?" विचारतात. त्यांना सुई लागणार नाही याची सोय आधी करायची. लांब बाहीचा गाऊन घालायचा, मनगटावर कॅन्युला (एरवी शिरेत घालतात ती बारीक नळी) नुसती चिकटपट्टीने बसवायची, तिला जोडलेली नळी बाहीतून खाली कॉटखालच्या बादलीत सोडायची. सुईचं काम असेल तर फोमच्या गादीचा तुकडा रेक्झिनमध्ये गुंडाळून वेगळा ठेवायचा. जिवंत माणसाला आणि खऱ्या सुईला एका प्रसंगात एकत्र आणायचं नाही.

व्हायल आणि अँप्यूलसाठी (तोंड फोडून उघडायच्या कुप्यांसाठी) डिस्टिल्ड वॉटर वापरा आणि लेबलं स्वतः छापा. आपल्याच फार्मसीत जाऊन, आपल्या वॉर्डात येतात त्याच औषधांचे फोटो काढा. पुस्तकातल्या चित्रांचा उपयोग नाही. आमच्याकडे पोटॅशियम क्लोराईडची १० मिलिची प्लॅस्टिक अँप्यूल आणि डिस्टिल्ड वॉटरची अँप्यूल शेजारी ठेवली तर चष्मा लावूनही क्षणभर ओळखू येत नाही. सरावात नेमक्या त्याच दोघी शेजारी ठेवायच्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सरावाचं औषध या खोलीबाहेर जाता कामा नये. २०१४ च्या अखेरीस अमेरिकेत शिकवण्यासाठी बनवलेल्या, निर्जंतुक नसलेल्या सलाईनच्या पिशव्या दवाखान्यांमध्ये खऱ्या पेशंटना लावल्या गेल्या. कितीतरी लोक तापाने, थंडीने आजारी पडले. सुरक्षितता शिकवायला आणलेलंच सामान असं उलटू शकतं. म्हणून आमच्या प्रत्येक बाटलीवर, अँप्यूलवर, पिशवीवर मागच्या बाजूला गुलाबी पट्टी असते आणि तिच्यावर "सराव. पेशंटसाठी नाही" असं लिहिलेलं असतं. पट्टी सगळ्यांवर सारखीच असली की ओळखण्याच्या परीक्षेत तिचा इशारा मिळत नाही. उलट बाजूनेही तेवढीच काळजी घ्यायची: मुलींच्या खिशात वॉर्डातली खरी अँप्यूल असते, ती खोलीत शिरण्याआधी बाहेर काढून ठेवायला लावते.

प्रसंग कसा लिहायचा

सुरुवातीला मी एकाच प्रसंगात आठ-नऊ सापळे ठेवले होते. सारख्या नावाचे पेशंट, अ‍ॅलर्जी, चुकीचा डोस, सगळं एकदम. दोन मुली रडल्या, आणि बाकीच्यांनी एवढंच मनात घेतलं की मॅडम आपल्याला पकडायला बसल्या आहेत. तो माझा दोष होता. आता एका प्रसंगात दोन, फार तर तीन सापळे ठेवते, आणि तेही आपल्या दवाखान्यात खरोखर घडलेल्या किंवा घडता घडता राहिलेल्या गोष्टींवरून घेते. इन्चार्ज सिस्टरांसोबत चहा घेत अर्धा तास बसा, वर्षभराचे प्रसंग मिळतील.

काही सापळे मात्र कुठल्याही वॉर्डात लागू पडतात. केसपेपरवर "10U" असं लिहा, यू जरा गोल काढा, म्हणजे तो शंभर वाचला जातो. दशांश चिन्हाआधी शून्य न लिहिता .५ लिहा, पाच वाचलं जाईल. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी अ‍ॅडमिशनच्या पानावर लिहा आणि औषधांच्या पानावर मुद्दाम लिहू नका. बेड ४ वर सुमन पवार आणि बेड ६ वर सुमित्रा पवार ठेवा. मग पाहा, मुलगी कॉटपाशी जाऊन काय विचारते. "तुम्ही पवार ना?" असं विचारलं की कानाने कमी ऐकणारी आजी कशालाही "हो" म्हणते. "आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा बरं," असं विचारायचं आणि उत्तर मनगटावरच्या पट्टीशी, नोंदणी क्रमांकाशी ताडून बघायचं. ही एक सवय लागायला माझ्या अंदाजाने पाच-सहा वेळा सराव लागतो.

हाका मारणं प्रत्येक प्रसंगात ठेवाच. आपल्याकडे औषध भरताना नर्सला हाक मारायला कुणाला संकोच वाटत नाही. नातेवाईक होऊन आलेली मुलगी दारातून ओरडते, "सिस्टर, सलाईन संपली, रक्त चढतंय!" मामा येऊन म्हणतात, "ओटीतून फोन आलाय, पेशंट पाठवा म्हणतात." तेवढ्यात फोन वाजतो. मुलगी भरलेली सिरिंज ट्रेमध्ये ठेवते आणि निघून जाते. परत येते तेव्हा ट्रेमध्ये दोन सिरिंजा आहेत, दोन्हीत पाण्यासारखं काहीतरी, दोन्ही कोऱ्या. दुसरी मी ठेवलेली असते.

इथे काय करायचं ते आधीच ठरवून शिकवा. लेबल नसलेली सिरिंज सरळ टाकून द्यायची, कितीही खात्री वाटली तरी. सिरिंजवर औषधाचं नाव, डोस, बेड नंबर आणि वेळ लिहिल्याशिवाय ती हातातून खाली ठेवायची नाही. आणि हाक आली तर काय बोलायचं, तेही तोंडात बसवून घ्या: "मावशी, औषध भरतेय, दोन मिनिटांत येते." वाक्य तयार नसलं तर मुली एकतर काम तसंच टाकून धावतात, नाहीतर वसकन अंगावर जातात.

पोटॅशियमचा प्रसंग, मी घेते तसा

दोन मुली खेळतात, चार बघतात. बघणाऱ्यांच्या हातात एक कागद असतो, त्यावर फक्त दिसलं-ऐकलं ते लिहायचं, मत लिहायचं नाही. "घाबरली" असं नको, "तीन वेळा केसपेपर उलटला" असं हवं.

खेळणाऱ्यांना आधी दहा मिनिटं सगळं समजावते. पेशंट जुलाबाने आलेली बाई आहे, पोटॅशियम २.६ आहे, तुमची ड्यूटी रात्री आठला सुरू झाली आहे, फोनवर डॉक्टर आहेत, मदतीला सिनियर सिस्टर शेजारच्या वॉर्डात आहेत. आणि हेही स्पष्ट सांगते की इथे मार्क नाहीत, जे घडेल ते या खोलीबाहेर जाणार नाही. हे वाक्य खरं ठरेल असंच मग वागावं लागतं. मी व्हिडिओ काढला तर परवानगीने काढते आणि त्याच दिवशी पुसते.

फोन वाजतो. पलीकडे आमचे एक रेसिडेंट डॉक्टर असतात, या कामासाठी ते आनंदाने वेळ देतात. त्यांना मी घाईत बोलायला सांगितलेलं असतं. "सिस्टर, पोटॅशियम फार कमी आहे. एक अँप्यूल देऊन टाका." आणि फोन ठेवतात.

मागच्या पावसाळ्यातल्या बॅचची एक मुलगी अजून डोळ्यांसमोर आहे. तिने अँप्यूल बरोबर ओळखली, १० मिलिच्या सिरिंजमध्ये भरली, कॉटपाशी गेली, नाव विचारलं, कॅन्युलाचं टोपण काढलं. सिरिंजचं टोक कॅन्युलाला लागलं होतं. अंगठा दट्ट्यावर होता. आणि ती थांबली. पुरी सात-आठ सेकंदं तशीच उभी होती. मावशी कण्हायच्या थांबल्या. मग तिने सिरिंज मागे घेतली आणि आपल्या जोडीदारणीला म्हणाली, "मला हे नीट वाटत नाही. सरांना परत फोन करूया."

दट्ट्या दाबला गेला असता तर खऱ्या वॉर्डात पेशंटचं हृदय थांबलं असतं. पोटॅशियम क्लोराईड थेट शिरेत ढकलायचं नाही, कधीच नाही. ते पातळ करून, ठरल्या वेगाने, हळूहळू जायला हवं.

परत फोन करून काय बोलायचं, हे मी फळ्यावर लिहून ठेवते. "सर, पोटॅशियम क्लोराईड एक अँप्यूल, १० मिलि, २० मिलिइक्विव्हॅलंट. ५०० मिलि एनएसमध्ये (नॉर्मल सलाईनमध्ये), चार तासांत, मिनिटाला ४२ थेंब. बरोबर?" ऐकलेलं परत वाचून दाखवायचं आणि राहिलेल्या जागा विचारून भरून घ्यायच्या. थेंबांचा हिशोब पाठ नसतो, तो करून घ्या: ५०० गुणिले २० थेंब, भागिले २४० मिनिटं. आमचे मॅक्रो सेट, म्हणजे सलाईनच्या नळ्या, मिलिला २० थेंबांचे आहेत. तुमच्याकडे कोणते आहेत ते पाकिटावर वाचून घ्या.

सर चिडले तर? काही वेळा मी रेसिडेंटना मुद्दाम चिडायला सांगते. "सांगितलं ना एकदा!" मुलींच्या डोळ्यांत पाणी येतं, कारण खऱ्या वॉर्डात हे झेललेलं असतं. म्हणून पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. पहिल्यांदा, "सर, मला शंका आहे, एकदा बघून घ्याल का?" तरी काही हललं नाही तर, "सर, असं देणं मला सुरक्षित वाटत नाही. मी देत नाही, सिनियर सिस्टरांना बोलावते." आणि मग खरंच बोलवायचं. ही वाक्यं मनातल्या मनात वाचून येत नाहीत. मोठ्याने, उभं राहून, समोर चिडलेला माणूस असताना म्हणावी लागतात. माझ्या मते एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा ही खोली उभी करणं योग्य आहे.

प्रसंग संपला की पाच मिनिटांचं एक प्रात्यक्षिक करते. घट्ट मिठाच्या पाण्यात निळी शाई मिसळून ते १० मिलि सिरिंजमध्ये घेते आणि स्टँडला टांगलेल्या सलाईनच्या पिशवीत खालच्या तोंडाने सोडते. पिशवी न हलवता बघायला सांगते. निळा रंग वर पसरत नाही, खाली नळीच्या तोंडाशी दाट होऊन बसतो. सेट उघडला तर सगळ्यात आधी तोच खाली उतरतो. मग दुसरी पिशवी काढून घेऊन, औषध घालून, दहा वेळा उलटसुलट करून दाखवते. सगळीकडे एकसारखा फिका निळा. पाठ्यपुस्तकातलं "नीट मिसळा" हे वाक्य मुलींनी कितीदा वाचलेलं असतं, पण ती निळी गाठ पाहिल्यावर त्या पिशवी न हलवता सोडत नाहीत.

दुसऱ्या नर्सची तपासणी

जास्त धोक्याच्या औषधांना दोघींनी तपासायचं, हे सगळीकडे लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात होतं असं: "हे दहा युनिट आहे ना गं?" "हो." सही. ही तपासणी नाही. व्हायल, सिरिंज आणि केसपेपर दुसरीच्या हातात द्यायचे आणि फक्त विचारायचं, "हे काय आहे, किती आहे, कुणाचं आहे?" उत्तर आधी सांगायचं नाही. तिने आपला हिशोब स्वतः करायचा. सरावात मी पहिलीला मुद्दाम चुकीचं भरायला सांगते आणि दुसरीला ते माहीत नसतं.

याच पद्धतीने हेपॅरिनचा, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा, सराव घ्या. ५ मिलिच्या दोन व्हायल, एकीत मिलिला १,००० युनिट, दुसरीत ५,०००. मुलांच्या वॉर्डासाठी जेंटामायसिन घ्या: २ मिलित ८० मिलिग्रॅम आणि २ मिलित २० मिलिग्रॅम. बाळाला १५ मिलिग्रॅम द्यायचे तर लहान ताकदीच्या अँप्यूलमधून १.५ मिलि लागतात. तेच १.५ मिलि मोठ्या ताकदीच्या अँप्यूलमधून काढले तर बाळाला ६० जातात. प्रसूती विभागासाठी मॅगसल्फ, म्हणजे गरोदरपणातल्या झटक्यांवरचं मॅग्नेशियम सल्फेट, घ्याच. ५० टक्क्यांची २ मिलिची अँप्यूल म्हणजे १ ग्रॅम. शिरेतून ४ ग्रॅमसाठी चार अँप्यूल आणि १२ मिलि डिस्टिल्ड वॉटर, शिवाय दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम. एकूण चौदा अँप्यूल फोडायच्या असतात, आणि समोर बाईला झटके येत असतात. घड्याळ लावून हे करून पाहिलं की कळतं, कुणी काय फोडायचं हे आधी वाटून घेतलं नाही तर हात एकमेकांत अडकतात. पुढच्या डोसआधी गुडघ्यावर ठोकल्यावर पाय उडतो का, श्वास आणि लघवी हे बघायचं, आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट ट्रेमध्ये दिसेल असं ठेवायचं.

नंतरचं बोलणं

प्रसंग पंधरा मिनिटांचा असेल तर बोलणं तीस मिनिटांचं ठेवा. शिकणं इथेच होतं, आणि ट्यूटर लोक हाच भाग गुंडाळतात. खुर्च्या गोल मांडा, स्वतः मध्ये बसू नका. आधी खेळणाऱ्या दोघींनी बोलायचं. "असं का केलंस?" हा प्रश्न मी बंद केला आहे, तो विचारला की मुली सफाई द्यायला लागतात. "त्या वेळी तुला काय दिसत होतं? काय ऐकू येत होतं?" असं विचारलं की खरी कारणं बाहेर येतात. लेबल उलट्या बाजूला होतं. उजेड पाठीमागून येत होता. "सर रागावतील असं वाटलं."

प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजते. शांतता जड वाटते, पण आठ-नऊच्या सुमाराला कुणीतरी बोलतंच. थांबलेल्या त्या मुलीला मी विचारलं होतं, "अंगठा दट्ट्यावर होता, तेव्हा मनात काय आलं?" ती म्हणाली, "मॅडम, सिरिंज फार मोठी वाटली. एवढं मोठं आपण कधी पटकन देत नाही." ते वाक्य मी माझ्या वहीत लिहून ठेवलं आहे. नियम तिला त्या क्षणी आठवला नव्हता. तिच्या हाताला काहीतरी खटकलं आणि तिने त्या खटकण्याला मान दिला. तेव्हापासून मी प्रत्येक बॅचला विचारते की कुठे खटकलं होतं, आणि खटकूनही पुढे गेलात का.

शेवटी दवाखान्याचा खरा घटना-नोंद फॉर्म भरून घेते, सरावात झालेल्या चुकीवरच. खऱ्या दिवशी तो कागद परका वाटू नये. औषध दिल्यानंतरच सही, आधी सह्या मारून ठेवायच्या नाहीत, हेही तिथेच येतं. आणि खोलीत सापडलेली दवाखान्याची अडचण, म्हणजे एकसारख्या दिसणाऱ्या अँप्यूल एका ड्रॉवरमध्ये असणं किंवा दोन प्रकारच्या इन्सुलिन सिरिंजा एका ट्रेमध्ये असणं, मी त्याच आठवड्यात मेट्रन मॅडमना लेखी कळवते. आमच्या वॉर्डात १०० च्या सिरिंजा आता वेगळ्या डब्यात असतात, आणि पोटॅशियमची अँप्यूल ट्रॉलीत न राहता कुलपात राहते.

महिन्याभराने हाच प्रसंग परत घ्या, पेशंट बदलून. एकदा घेऊन सोडून दिलेला सराव टिकत नाही.

सगळ्या गेल्यावर मी आणि दोन मुली मागे थांबून मोजतो. चोवीस व्हायल, अठरा अँप्यूल, चार पिशव्या. फोडलेल्या अँप्यूल काचेसाठीच्या डब्यात, सुया पांढऱ्या डब्यात, गुलाबी पट्टीच्या बाकी वस्तू कपाटात. वहीत आकडा लिहायचा, दोघींच्या सह्या घ्यायच्या. आकडा जुळला नाही तर खोली सोडायची नाही. एकदा एक अँप्यूल पाऊण तास सापडत नव्हती. ती मावशींच्या गाऊनच्या बाहीत निघाली.